मानेतली सळई

कोलंबी सोलता सोलता जॉर्जिना थांबली, उजवा हात गाउनला पुसला आणि ओट्यावर ठेवलेल्या फोनवरून एक कॉमेंट काढून टाकली. कोणी सांगलीचा माणूस होता. ‘भावांनो, ह्याचं ऐकू नका, माझ्या मुलाची गिटार गेली,’ एवढंच त्याने लिहिलं होतं. नक्की काढायची का, असं फोनने नेहमीप्रमाणे विचारलं. जॉर्जिनाने नक्की म्हणून सांगितलं आणि ती पुन्हा कोलंबीला लागली. सांगलीच्या मुलाचं तिला काहीच वाटलं नाही असं नाही. पण जगात मुलं उदंड, प्रत्येकाच्या गिटारीचं वाईट वाटून घेत बसलं तर चुलीवर आधण कधी ठेवायचं?

फोन सॅव्हियोचा होता. सॅव्हियो तिचा एकुलता एक मुलगा. ठाण्याला, माजिवड्यातच घराजवळच्या एका गॅरेजात तो मोटरसायकली दुरुस्त करायचा आणि रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवायचा. गेल्या पावसाळ्यात गॅरेजात गुडघाभर पाणी शिरलं. ते उपसायला हा पायाला जखम असताना उतरला, आणि मग जो ताप आला तो त्याला घेऊनच गेला. पंचविशीसुद्धा गाठली नव्हती. त्याचे कपडे जॉर्जिनाने वाटून टाकले, मोटरसायकल तिच्या नवऱ्याने, कॉस्मासने, देऊन टाकली. फोन मात्र ती रोज चार्ज करायची. फोनचा आवाजसुद्धा तिने बदलला नव्हता. काही आलं की सॅव्हियोने स्वतः वाजवून भरलेला गिटारीचा झणकार वाजायचा. एकदा चर्चमध्ये ऐन मिस्सेच्या प्रार्थनेत तो वाजला होता आणि फादर वेदीवरून नुसते बघत राहिले होते. सगळ्या गायनमंडळाला तो झणकार ओळखीचा होता.

फोनमध्ये त्याचं चॅनल होतं, ‘सॅव्हियोचं गिटार गॅरेज’. थोडेच व्हिडिओ, आणि बहुतेकांकडे कोणी फिरकलंही नव्हतं. एक मात्र चालला, आणि सॅव्हियो गेल्यावर तर जास्तच चालायला लागला. त्यात तो बाहेरच्या खोलीत लाल टीशर्ट घालून बसला आहे, मांडीवर गिटार आहे, नखांत गॅरेजातलं काळं आहे. एका कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या जॉर्जिनाचं कोपर दिसतं.

“काय रे, जेवलात का सगळे?” तो सुरुवातीलाच विचारतो. “आज आपण गिटारची मान सरळ करणार. पाच मिनटांचं काम आहे, कोणाकडे न्यायची गरज नाय.”

मग तो दाखवतो. तारांच्या ताणाने गिटारीची मान पुढे वाकते, पावसाळ्यात जरा जास्तच. तारा वर उचलल्या जातात आणि वाजवणाऱ्याची बोटं सोलून निघतात. मानेच्या आत एक लोखंडी सळई असते, तिचा नट पिळला की मान मागे येते. इथवर सगळं खरं. पण त्याच्या गिटारीचा नट खाडीच्या हवेने गंजला होता, फिरेना. तेव्हा सॅव्हियो हसला आणि गॅरेजात करतात तेच त्याने केलं. जोर यावा म्हणून पान्याला हातभर लांबीचा पाइप लावला.

“घाबरायचं नाय,” तो म्हणतो. “लोखंड आहे, तुटत नाय.”

मोटरसायकलच्या बाबतीत हे खरं असेल. गिटारीच्या मानेतली सळई पेन्सिलीहून बारीक असते, हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. नट फिरला, मान सरळ झाली, त्याने दोन सुरावटी वाजवून दाखवल्या आणि व्हिडिओ संपला. लातूर, नंदुरबार, मुरबाड, कुठकुठली पोरं तो बघायची. इंग्रजीत सांगणाऱ्या गोऱ्या माणसाचं अर्धंच कळायचं. सॅव्हियोचं पूर्ण कळायचं. चुकीचं, पण पूर्ण.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, ही रीत गावात अजून पाळतात. फोनवर कोण मेलंय आणि कोण जिवंत हेच कळत नाही, तर रीत कोण पाळणार? म्हणून ती जॉर्जिनाने पाळायला घेतली होती. सकाळी उठली की आधी व्हिडिओ बघायची, मग खालची घाण काढायची. अंगण झाडावं तसं.

“लावलास का परत?” कॉस्मासने दारातून विचारलं. कोंबड्यांचं खाणं त्याच्या हातात होतं.

“लोकं बघतात. मी नको बघू?”

“लोकांचं काय जातं? काढून टाक गो तो. पोराला झोपू दे.”

जॉर्जिनाने पुढची कोलंबी उचलली. कॉस्मासही थांबला नाही. वर्षभरात त्याने तो व्हिडिओ एकदाही पाहिला नव्हता. आतून ‘जेवलात का’ ऐकू आलं की तो उठून परसात जायचा आणि पोट भरलेल्या कोंबड्यांना पुन्हा दाणे टाकत उभा राहायचा.

त्याच दुपारी लिओना आली. ती गावठाणातलीच, कॉलेजात शिकणारी. सॅव्हियो गेल्यावर गायनमंडळात गिटार तिच्याकडे आली होती. तिने दार लोटून घेतलं, गिटारीची पिशवी पलंगावर ठेवली आणि उघडायच्या आधीच रडवेली झाली.

“आंटी, कोणाला सांगू नका हां. ब्रँडन सरांना तर मुळीच नको.”

ब्रँडन म्हणजे गायनमंडळाचा मास्तर. पिशवीतून गिटार निघाली तेव्हा तिच्या तारा लोंबत होत्या. मानेला वरच्या टोकाशी उभी चीर गेली होती आणि बोटं ठेवायची पट्ट्यांची फळी एका बाजूने उचकटली होती.

“काय केलंस गो हे?”

“सॅव्हियोदादाचा व्हिडिओ बघून केलं. त्याने सांगितलं अगदी तसंच. पाइप पण लावला. आधी फिरलाच नाही, मग एकदम फिरला आणि आतून कट् असा आवाज आला.” तिने नाक पुसलं. “रविवारी वर्षाची मिस्सा आहे ना त्याची. तारा इतक्या वर आलेल्या की मला वाजवायलाच जमत नव्हतं. मी म्हटलं, दादाच्या मिस्सेला दादाच्याच पद्धतीने ठीक करू.”

ती गिटार लिओनाला तिच्या धर्ममातेने चर्चमधल्या कन्फर्मेशनच्या विधीला दिली होती. जॉर्जिना त्या जेवणाला गेली होती. लाल रिबन बांधलेली गिटार हातात घेऊन ही पोरगी संध्याकाळभर मिरवत होती, ते तिला चांगलं आठवत होतं.

“आणि मी आधी खालच्या कॉमेंट वाचल्या, आंटी. डोळे मिटून नाही केलं. सगळे मस्त, थँक्यू, लय भारी, असंच होतं. एकानेही वाईट लिहिलं नव्हतं. म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार ना?”

जॉर्जिनाला खरं बोलायला भरपूर सवड होती. लिओना डोळे पुसत होती, बाहेर कोणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता, घाई कसलीच नव्हती. तिने गिटारीच्या चिरेवरून बोट फिरवलं. बोटाला कोलंबीचा वास अजून होता.

“हो गो,” ती म्हणाली. “तुझंच चुकलं असणार. जोर जास्त लावलास तू.”

लिओनाने मान हलवली. तिला उलट बरं वाटलं असावं. आपलं चुकलं म्हटलं की निदान दुसऱ्या कोणावर रागवावं लागत नाही.

“ब्रँडन सर मागे एकदा बोललेले,” ती म्हणाली, “शहाडला कोणी परशुराम म्हणून आहे, चांगलं रिपेअर करतो. उद्या नेऊन बघते.”

परशुराम हे नाव जॉर्जिनाला पाठ होतं. दर दोन-चार दिवसांनी तो लिहायचा आणि दर वेळी ती काढायची. ‘मी परशुराम, शहाड. कृपया असे करू नये.’ इतकं लिहून लिहून न थकणारा माणूस दिसतो तरी कसा, हे तिला कधीचं बघायचं होतं. बघायचं होतं आणि दोन शब्द तोंडावर सुनवायचे होते.

“मी येते तुझ्याबरोबर,” ती म्हणाली.

लिओनाला वाटलं, आंटी किती चांगली आहे.

दुकान म्हणजे शहाड स्टेशनच्या बाहेर एका इमारतीच्या जिन्याखालची जागा होती. हार्मोनियमची उघडी पेटी, दोन ढोलक्या, आणि भिंतीवर ओळीने टांगलेल्या बिनतारांच्या गिटारी. परशुराम पन्नाशीचा, अंगाने बारीक, चष्मा कपाळावर चढवलेला आणि तोंड सुपारीने भरलेलं. भांडणाच्या तयारीने आलेल्या माणसाची निराशा व्हावी असाच तो होता. त्याने गिटार उजेडाकडे धरली आणि मानेत एक डोळा बारीक करून पाहिलं.

“पाइप लावला?”

लिओनाने मान खाली घातली.

“सळई आत तुटलीय. ती काढायची म्हणजे अख्खी मान उघडायला लागेल, आणि ही गिटार तेवढं सोसायची नाय.” त्याने ती हळूच खाली ठेवली. “वाईट वाटून घेऊ नकोस बाळा, पण आता हिला भिंतीवर टांगायची. दुसरी बघ.”

“काहीच होणार नाही?”

“झालं असतं तर केलं नसतं का मी?”

लिओना लोंबणाऱ्या तारा गुंडाळत बसली. परशुरामाने भिंतीकडे हात केला.

“एकटी नाहीस तू. ही मुरबाडची. ही आंबिवलीची, ह्या पोराने तर क्लासच सोडून दिला. सगळ्यांचा गुरू एकच.” त्याने मोबाइल काढून व्हिडिओ लावला. “ह्याचंच बघून केलंस ना?”

“काय रे, जेवलात का सगळे?” सॅव्हियोने विचारलं.

“जेवलो बाबा,” परशुराम म्हणाला, “तुझ्याच कृपेने जेवतोय,” आणि स्वतःच्या विनोदावर हसला.

वर्षभर रोज ऐकलेला आवाज जॉर्जिनाने परक्या जागी कधी ऐकला नव्हता. तिच्या स्वयंपाकघरात तो मोठा वाटायचा, घर भरून टाकायचा. इथे जिन्याखाली, रिक्षांच्या गोंगाटात, तो अगदी पोरवयाचा वाटला. तिला तो फोन त्या माणसाच्या हातातून ओढून घ्यावासा वाटला. यायच्या आधी तिने मनात चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना.

“लहान आहे तो,” ती म्हणाली. “चुकतं माणसाचं.”

“चुकतंच की. मी कुठे नाही म्हणतो, ताई? मीपण सुरुवातीला लोकांच्या पेट्यांची वाट लावलेली आहे. न कळल्याचा राग नाय येत मला.” त्याने सुपारी दुसऱ्या गालात घेतली. “पहिल्यांदा त्याला लिहिलं ते एकदम गोडीत लिहिलं. बाळा, असं सांगू नकोस, माझ्याकडे ये, मी दाखवतो. संध्याकाळी बघतो तर कॉमेंट गायब. परत लिहिलं, परत गायब. म्हणजे वाचतो तो. पोरांचं नुकसान होतंय हे त्याला कळतं, आणि कळून हळूच पुसून टाकतो. आपलं नाव खराब व्हायला नको! हे न कळणं नाय ताई. हा हलकटपणा आहे.”

जॉर्जिनाने पर्स छातीशी धरली. आयुष्यात सॅव्हियोला कोणी काय काय म्हटलं होतं. आळशी म्हटलं होतं, उनाड म्हटलं होतं, शाळेच्या बाईंनी एकदा माकड म्हटलं होतं. हलकट कोणी म्हटलं नव्हतं. त्याचं नाव स्वच्छ राहावं म्हणून ती वर्षभर रोज सकाळी झाडू घेऊन बसली होती, आणि तेवढ्या झाडण्यातूनच हे निघालं होतं.

“थांबा, आत्ता लिहितो. तुमच्यासमोर,” परशुराम म्हणाला. “बघा, रात्रीपर्यंत राहते का.”

एका बोटाने, मोठ्याने वाचत, त्याने तेच लिहिलं. मी परशुराम, शहाड. कृपया असे करू नये. मग पाठवलं.

जॉर्जिनाच्या पर्समध्ये गिटारीचा झणकार वाजला.

परशुरामाने सवयीने भिंतीकडे पाहिलं. पण तिथे एकाही गिटारीला तार नव्हती. “कोणाचा फोन?” त्याने विचारलं.

“माझा,” जॉर्जिना म्हणाली.

लिओनाने गुंडाळत आणलेली तार हातातून सोडली. ती आधी पर्सकडे आणि मग जॉर्जिनाच्या तोंडाकडे बघत राहिली.

“पण सॅव्हियोदादा तर…”

जॉर्जिनाने तिचं मनगट धरलं. घट्ट धरलं, लहान मुलाला रस्त्यावर धरावं तसं.

“तर काय?” परशुरामाने विचारलं.

तो गेला, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्या एका शब्दाने सॅव्हियो सुटला असता. परशुराम वरमला असता, कदाचित त्याने कानाला हातही लावला असता. पण मग त्याने पुढचा प्रश्न विचारला असता, की पुसतं कोण? आणि त्याचं उत्तर द्यायला जॉर्जिनाची जीभ उचलेना. स्वतःच्या लाजेपायी तिने पोराला त्या जिन्याखाली हलकट म्हणून तसाच सोडला आणि ती उठली.

“काही नाही,” ती म्हणाली. “उशीर होतोय आम्हांला.”

स्टेशनवर दोघी बाकावर बसल्या. गिटार मधे होती. एक गाडी आली आणि गेली. उठायचं कोणालाच सुचलं नाही.

“तो दादाचा फोन आहे,” लिओना म्हणाली.

“हो.”

“कॉमेंट तुम्ही काढता.”

“हो गो.”

“माझ्याआधी पण लोकांनी लिहिलेलं? की असं करू नका म्हणून?”

“पुष्कळांनी.”

लिओना समोरच्या रुळांकडे बघत होती. “आणि मला बोललात, तुझंच चुकलं.”

माफी मागावी असं जॉर्जिनाला वाटलं, पण कशाकशाची मागायची? नुसत्या गिटारीची मागून भागणार नव्हतं.

“दादाची गिटार कुठे आहे?” लिओनाने विचारलं. “तीच द्या मला, मिस्सेपुरती.”

“ती माळ्यावर आहे. ती पण अशीच तुटली. व्हिडिओ टाकला आणि थोड्याच दिवसांनी. पावसाळ्यात नुसती ठेवलेली, एका सकाळी बघितली तर मानेला हीच चीर.”

“म्हणजे दादाला माहीत होतं?”

जॉर्जिनाने हे आजवर कॉस्मासलाही सांगितलं नव्हतं. स्वतःशीसुद्धा कधी नीट म्हटलं नव्हतं.

“मला बोलला, मम्मी, माझं चुकलं, लोकांना सांगायला पाहिजे. दुसरा व्हिडिओ करणार होता. तुटलेली गिटार हातात घेऊन सगळ्यांना दाखवतो बोलला, हसतील तर हसू दे. रविवारी करतो बोलला.” ती थांबली. “मग गॅरेजात पाणी भरलं.”

लिओनाचे डोळे भरून आले, पण आवाज मऊ झाला नाही.

“म्हणजे तो हलकट नव्हता.”

“नव्हता गो.”

“तुम्ही केलंत त्याला.”

ठाण्याला उतरल्यावर जॉर्जिनाने रिक्षाला हात केला. लिओना म्हणाली, मी बसने जाते. तुटकी गिटार खांद्याला लावून ती गर्दीत शिरली आणि तिने मागे वळून पाहिलं नाही.

घरी आल्यावर जॉर्जिनाने दिवासुद्धा लावला नाही. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून तिने फोन उघडला. परशुरामाची कॉमेंट सगळ्यांत वर होती. ती तिने राहू दिली. मग तिच्याही वर आणखी काहीतरी लिहायचं म्हणून ती लिहायला लागली. ‘सॅव्हियो माझा मुलगा. तो आता…’ इथपर्यंत दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा पुसलं. तो शब्द तिने फादरना सांगितला होता, गॅरेजच्या मालकाला सांगितला होता, दाखल्यासाठी कारकुनाला तर जन्मतारखेसकट सांगितला होता. पण त्याच्याच नावाखाली, त्याच्याच फोनवरून, तो लिहायचा कसा?

शेवटी तिने सॅव्हियो रविवारी जे बोलणार होता तेच लिहिलं, आणि तो बोलला असता तसंच. ‘ह्या व्हिडिओत मी सांगितलं ते चूक आहे. पाइप लावू नका. माझी स्वतःची गिटार पण अशीच तुटली. सळई बारीक असते, मला माहीत नव्हतं. ज्यांच्या गिटारी तुटल्या त्यांना सॉरी. शहाडला परशुराम म्हणून आहेत, त्यांना विचारा.’ हे तिने व्हिडिओखाली सगळ्यांत वर अडकवून ठेवलं. शिव्यांचा पाऊस पडणार हे धरून चालून तिने फोन पालथा घातला आणि कॉस्मासला वाढायला उठली. जेवताना तिने त्याला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. कॉस्मासने घास तसाच धरून ऐकलं. शेवटी एवढंच म्हणाला, “मला वाटायचं, तू नुसती बघतेस.”

रविवारी वर्षाची मिस्सा होती. लिओनाने निरोप पाठवला होता की गिटार नाही, पण गायला येईन. कॉस्मास बुटांना पॉलिश करत पायरीवर बसला होता. जॉर्जिना काळी साडी नेसून खांद्यावर पिन लावत होती. तेवढ्यात आत झणकार वाजला. मग पुन्हा वाजला. दोन दिवस तिने फोन हातात घेतला नव्हता. मिस्सेच्या आधी एकदाचं बघून टाकू म्हणून तिने तो आता घेतला.

शिव्या होत्याच. पण तिला वाटल्या होत्या तितक्या नव्हत्या. ‘भावा, तोंडावर कबूल केलंस, मानलं,’ असं कोणी लिहिलं होतं. ‘चुकतं रे, सोड,’ असं दुसऱ्याने. कोणी नुसतेच हात जोडले होते. आणि सगळ्यांच्या खाली, नुकतीच आलेली, परशुरामाची होती.

‘शाब्बास बाळा. मी तुझ्याबद्दल भलतंसलतं बोललो, माफ कर. इतके दिवस होतास कुठे? एकदा शहाडला ये. मी स्वतः शिकवतो, मग नवीन व्हिडिओ टाक. वाट बघतो.’

जॉर्जिनाने ते पुन्हा वाचलं. हलकट आता बाळ झाला होता. एका चांगल्या माणसाने दुकानात त्याच्यासाठी जागा ठेवली होती, आणि तो जाणार नव्हता. तिला हुंदका आला तो तिने आवरला नाही. रडता रडताच, एक एक अक्षर शोधत, ती काहीतरी लिहायला लागली. लिहून झालं तरी पाठवायला बोट पुढे होईना.

“काय गो?” कॉस्मास आत आला. हाताला पॉलिश लागलं होतं.

तिने फोन त्याच्यापुढे धरला. त्याने हात फडक्याला पुसला, चष्मा लावला आणि आधी परशुरामाचं वाचलं. मग तिने लिहिलेलं वाचलं.

‘तब्येत बरी नव्हती काका. बरं वाटलं की नक्की येतो.’

कॉस्मास फोन हातात घेऊन खिडकीपाशी उभा राहिला. बाहेर चर्चची घंटा सुरू झाली होती. तो आता रागावेल, पुसून टाकेल, असं जॉर्जिनाला वाटलं, आणि त्याने तसं केलं तर आपण अडवायचं नाही असंही तिने ठरवलं. कॉस्मासने चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा लावला. मग काळ्या बोटाने ते पाठवून दिलं.

“चल,” फोन तिच्या हातात देत तो म्हणाला. “पोराची मिस्सा आहे.”